कासारणीचं कोपर

"फोडायच्या न्हाईत म्हंजे न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या.

मिरजेच्या त्या दवाखान्यात त्यांना आणून अजून अर्धा तासही झाला नव्हता. उजवा हात फळीवर निजवलेला, कोपर नारळाएवढं सुजलेलं, आणि चेहरा असा पांढराफटक की कपाळावरचं गोंदण तेवढं हिरवं उठून दिसत होतं. आवाज मात्र बाजारातला होता. फडकं आणि चिमटा घेऊन आलेली सिस्टर जरा मागंच सरकली.

"आजी, सूज मनगटाकडं उतरतीय. थोड्या वेळानं काच रुतंल हातात."

"मग थोड्या वेळाच्या आत काढते की. साबण हाय का? भांड्याचा नको, अंगाचा दे."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसूयाबाई. तासगावच्या बाजूच्या आमच्या पंचक्रोशीत त्यांना नावानं कुणी हाक मारायचं नाही. त्या साऱ्यांच्या कासारीण मावशी. आठवड्याला तीन गावांचे बाजार, डोईवर बांगड्यांची मोठी टोपली, हारा. सासरे जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या उजव्या हातात बांगड्या असायच्याच. भावकीत कुणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "दुकानाची पाटी कोण काढून ठेवतंय का? गिऱ्हाइकानं काय माझं थोबाड बघून बांगडी घ्यायची?" नवा माल आला की त्यातली एक आधी त्यांच्या हातात चढायची. म्हणून त्या हातात अकरा बांगड्या, आणि अकरा तऱ्हांच्या. एक बिलवरी, एक पोपटी, एक जांभळ्या पाण्याची, एक सोनेरी ठिपक्यांची. एकीला दुसरीचा मेळ नाही.

त्या दिवशी सकाळी बाजाराला जाताना त्या वडापच्या जीपमधून उतरत होत्या. पाय सरकला. पडणारं माणूस दोन्ही हात पुढं करतं. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी डोईवरचा हारा धरला. हाऱ्यातली एकही बांगडी तडकली नाही. कोपराचा चुरा झाला.

"वैजा," त्या मला म्हणाल्या, "बोल काहीतरी. मुक्यानं बांगडी निघत न्हाई."

मला काय बोलावं सुचेना. शेवटी सिस्टरच बोलू लागली. कुठलं गाव तुमचं, किती लेकरं, आणि माझं गं बाई लग्न ठरलंय माघात. आत्याबाई डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा तळव्यात मुडपत होत्या, साबणाचा फेस पुढं ढकलत होत्या. "माघात? मग पौषातच ये माझ्याकडं. दोन-चाराचं माप हाय तुझं. मनगट बारीक, पंजा रुंद. भांडखोर बायांचा असतो असला हात." सिस्टर हसली. दुखत असेल किती ते त्यांच्या वरच्या ओठावर साचलेल्या घामावरून कळत होतं. पण एकेक करत अकराच्या अकरा माझ्या रुमालात आल्या. एकही फुटली नाही.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते.

दुपारी डॉक्टर आल्या. डॉक्टर नजमा मुजावर. चाळिशीच्या, बारीक अंगकाठीच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला.

"ही तर काच फुटल्यागत दिसती," आत्याबाई म्हणाल्या.

"तसंच झालंय, आजी. दंडाचं हाड कोपराशी येतं ना, तिथं सात-आठ तुकडे झालेत. शिवाय वयानं हाड ठिसूळ झालंय. धातूची पट्टी लावून स्क्रू मारायचे म्हटलं तर स्क्रूनं धरायचं कशाला? पोपडे आलेल्या भिंतीत खिळा मारल्यासारखं व्हायचं. बसला तर बसला, नाहीतर हात आहे तसा ताठ राहील."

"मग?"

डॉक्टरांनी खिशातून एक वस्तू काढली. चकचकीत धातूची; एक दांडी वर, एक खाली, मधे जोड. दाखवायला म्हणून बाळगत असाव्यात. त्यांनी ती वाकवली, सरळ केली.

"मग सांधाच नवा बसवायचा. ही दांडी दंडाच्या हाडात, ही खालच्या हाडात."

"बिजागरी," आत्याबाई म्हणाल्या.

"अगदी बिजागरी. घास तोंडाला जाईल, वेणी घालता येईल. पण एक पथ्य आहे, आणि ते जन्मभराचं. या हातानं लिटरभर पाण्याच्या बाटलीहून जड काही उचलायचं नाही. ज्याला ओझी उचलायचं काम आहे त्याला मी हा सांधा बसवत नाही. दोन-चार वर्षांत तो हाडातून सैल होतो, आणि मग दुसऱ्यांदा बसवायला हाडच उरत नाही." त्यांनी फाईल उघडली, पेन काढलं. "काय काम करतात आजी?"

माझे मालक, आत्याबाईंचा लेक, तेव्हा खाली कागद करायला गेले होते. प्रश्न मलाच होता.

"काही नाही करत," मी म्हणाले. "घरीच असतात."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. आत्याबाईंनी तोंड भिंतीकडं केलं, आणि मला मानेवरचा त्यांचा अंबाडा तेवढा दिसत राहिला.

चाळीस वर्षं ज्या बाईनं उन्हातान्हात तीन बाजार केले, नवरा गेल्यावर घर सांभाळलं, मला सून करून आणली, तिच्याबद्दल मी म्हणाले होते, काही नाही करत. त्यांच्या हातासाठीच म्हणाले होते. निदान दुपारभर मी स्वतःला तसंच सांगत होते.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आल्या. या वेळी फाईल काखेतच होती. स्टूल ओढून त्या आत्याबाईंच्या उशाशी बसल्या.

"आजी, सिस्टर सांगत होत्या, तुम्ही सुजल्या हातातून अकरा बांगड्या काढल्या, एक न फोडता."

"साबण बरा हुता."

"मी पंधरा वर्षं हातच बघतेय. असं कुणी काढून दिलं नाही मला. आणि अकराच्या अकरा वेगळ्या म्हणे. घरी बसणारी बाई असं घालते का?"

मी फरशीकडं बघत राहिले.

"मी कासारीण हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"ओझं किती असतं?"

"हारा भरला की पंधरा-सोळा किलो. दिवाळीला ईस."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता, पण मला राग परवडला असता. "तुम्ही खोटं का सांगितलंत? दोन वर्षांत हा हात पार गेला असता. मग कुणाकडं गेला असता तुम्ही?"

"तुम्ही सांधा बसवणार नाही म्हणून..." माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"तिला बोलू नका, डॉक्टर," आत्याबाई म्हणाल्या. "तिचं बराबर हाय. मी घरीच बसणार हाय आता. तुम्ही लिवलंय तेच असू द्या."

"आत्याबाई..."

"तिला अंगणवाडीची ऑर्डर आलीया. एक तारखेपासनं. आमची नात दोन वर्साची हाय, तिला बघाया घरात कोण पायजे का नको? म्हणून ती बोलली तसं. लबाडी न्हाई ती. गरज हाय."

ऑर्डरचा तो लखोटा मी ट्रंकेत, तळाच्या वर्तमानपत्राखाली ठेवला होता. मालकांनाही सांगितलं नव्हतं. आत्याबाईंना तर अक्षर वाचता येत नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगतंय? पोस्टमन येऊन गेला त्या दिवशी तू भाकरी थापताना गुणगुणत हुतीस. सा वर्सात पयल्यांदा. दुसऱ्या दिवशी त्यालाच इचारलं, काय रं बाबा आणलंतास आमच्या सुनंला?"

मग मात्र मला रडू आलं. कारण खरं तेच होतं. डॉक्टरांनी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात आधी हात आला नव्हता. आधी आली होती एक तारीख. आता या घरी बसतील, ऋतुजाला सांभाळतील, आणि मी साडी नेसून, पर्स घेऊन जाईन. हाऱ्याची मला लाज होती. लग्नानंतर एकदाही मी तो डोईवर घेतला नव्हता. मी कॉलेजची दोन वर्षं शिकलेली. माझ्या मैत्रिणी बाजारात भेटतील म्हणून मी बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडत नसे.

डॉक्टर आत्याबाईंकडं वळल्या. मग म्हणाल्या, "आजी, सुनेचं कळलं. तुमचं सांगा. तुम्हाला घरी बसायचंय?"

आत्याबाईंच्या डाव्या हाताची बोटं चादरीवरून नुसती फिरत होती, जसा काही समोर कुणाचा पंजाच आहे.

"न्हाई," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "पर बसंन."

"बांगडी भरायला किती जोर लागतो?"

"जोर?"

"दाखवा मला." डॉक्टरांनी घड्याळ काढून ठेवलं आणि आपला डावा हात त्यांच्या पुढ्यात धरला.

मी रुमाल सोडला. आत्याबाईंनी अकरांतून बिलवरी उचलली. उजवा हात फळीवर, त्यामुळं सगळं डाव्यानंच करायचं होतं; मला म्हणाल्या, "तू मनगट धर खालनं, पडू देऊ नको." मग त्यांनी डॉक्टरांची बोटं एकत्र केली, अंगठ्याचं बुड तळव्यात दाबलं. डॉक्टरांचा हात लाकडासारखा ताठ.

"अगं बाई, सैल सोड की! मी काय आपरेशन करतीया व्हय?"

मागं उभी असलेली सिस्टर फिसकन हसली. डॉक्टरही हसल्या, पण हात ताठच. तेव्हा आत्याबाई हलक्या आवाजात गुणगुणायला लागल्या. बाजारात लहान पोरी घाबरल्या की म्हणायच्या ती ओवी:

हात देते लेक माझी, मन कुठं गेलं
मनाच्या गं मागं मागं काकण चढलं

"आई हाय का तुझी?" ओवीच्या मधेच त्यांनी विचारलं.

"आहे. सांगोल्याला."

"शेवटचं कवा गेलतीस?"

डॉक्टर आठवू लागल्या. खिडकीकडं बघून म्हणाल्या, "ईदला... नाही, या ईदला कुठं... बघा, वर्ष झालं." आणि वाक्य संपायच्या आत बांगडी मनगटात उतरून किणकिणली होती. ती कधी गेली ते डॉक्टरांना कळलं नाही, आणि मनगट धरून बसलेल्या मलाही कळलं नाही.

डॉक्टर हाताकडं बघत राहिल्या. "जोर कुठं होता यात?"

"जोर लावला की काच फुटती," आत्याबाई म्हणाल्या. "जोर लावणारा कासार उपाशी मरतो."

"मग ऐका. सांधा बसवते. बांगड्या खुशाल भरा, मरेपर्यंत भरा. या कामानं त्याला काही होणार नाही. पण हारा उचलायचा नाही. एकदासुद्धा नाही."

"आणि हारा काय पायानं चालत येतोय बाजाराला?"

पलीकडच्या खाटेवरच्या बाईची मुलगी स्टोलनं तिला वारा घालत होती, तेवढाच आवाज.

"मी उचलीन," मी म्हणाले.

आत्याबाईंनी मान वळवली. "आणि आर्डर?"

"ती पण घेणार. अंगणवाडी दुपारी सुटते. रविवारचा बाजार तेवढा आपण दोघींनी करायचा. इतर दिवशी बाया ओट्यावर येतील तुमच्याकडं. येतील का नाही?"

"येतील बी. न यायला काय झालं." त्या माझ्याकडं निरखून बघत होत्या; माप घ्यायला कुणाचा पंजा बघावा तशा. "तुला लाज वाटती हाऱ्याची."

"वाटते."

"मग?"

"वाटू दे."

आत्याबाई हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच. "बघा डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आता कुठं खरं बोलली."

डॉक्टरांनी फाईल उघडून दुपारची ओळ खोडली आणि वर काहीतरी लिहिलं. उठताना म्हणाल्या, "ऑपरेशनच्या वेळी ही बांगडी मला काढावी लागेल हं, आजी."

"काढ की. पर चिमटा लावू नको."

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तीन तास. बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांखाली थकवा होता. त्यांनी आधी काय सांगावं? "करंगळीकडं जाणारी शीर सांभाळून बाजूला घेतली. बोटांना स्पर्श कळेल." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. नंतर कळला. कासारणीला डोळे नसले तरी चालतात. माप तिच्या बोटांत असतं.

महिना-दीड महिना हात वाकवायचे व्यायाम होते. त्या बाबतीत आत्याबाई हट्टी गिऱ्हाईक निघाल्या. दुखतंय म्हणायच्या, उद्या म्हणायच्या. हात धरला की डॉक्टरांसारखाच ताठ करायच्या. मग मी भांडण काढायला शिकले. "तुमचा लेक मला अमुक बोलला," म्हटलं की त्या तावातावानं उत्तर द्यायच्या आणि तेवढ्यात कोपर आणखी चार बोटं आत यायचं. हात पुरता सरळ कधीच झाला नाही. थोडा वाकडा राहिला, ताटावर वाढायला पुढं केलेल्या हातासारखा. पण एका दुपारी भरल्या वांग्याचा घास मोडून तो हात सहज वर गेला आणि तोंडाला लागला. आत्याबाई चावायचंच विसरल्या. घास गालात तसाच, आणि डोळ्यांतून धारा. ऋतुजा घाबरून म्हणाली, "आजी, तिखट?"

पहिल्या रविवारी मी हारा उचलला तेव्हा मान पोटात जाते की काय असं वाटलं. स्टँडपासून बाजारापर्यंत जेमतेम दोन फर्लांग. मला ते पंढरपूरच्या वाटेइतके लांब वाटले. आत्याबाई पुढं रिकाम्या हातानं चालत होत्या आणि भेटेल त्याला सांगत होत्या, "सून हाय माझी. अंगणवाडीची बाई हाय." वाटेत माझ्या कॉलेजच्या वर्गातली एक मुलगी भेटलीच. तिनं आधी हाऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. ती म्हणाली, "वैजू, डाळिंबी रंगात आहेत का गं? कुठं मिळेनात." पोतं पसरून आम्ही बसलो, आणि त्या दिवसाचा पहिला हात तिचाच होता. आत्याबाईंनी वाकडं कोपर मांडीवर टेकवलं, तिचा पंजा हातात घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा सहा बांगड्या चढल्या होत्या.

मग तेरा वर्षं. तेरा वर्षं आत्याबाईंनी पथ्य मोडलं नाही. भरलेली कळशी उचलली नाही, जातायेता "मावशी राणी झाल्या" असे टोमणे ऐकून घेतले. नातीला एकदाही कडेवर घेतलं नाही. ऋतुजाला ते इतकं लहानपणी समजलं की ती कधी हात वर करून उभी राहिली नाही. आपणच चढून मांडीवर जाऊन बसायची. ओट्यावर बाया यायच्या, बाळंतिणी यायच्या, नवऱ्या मुली यायच्या. माघातली ती सिस्टर मिरजेहून चुडा भरायला आली. भांडखोर पंजा, दोन-चाराचं माप. डॉक्टर मुजावर वर्षातून एकदा तपासायला बोलवायच्या, आणि तपासून झालं की स्वतःच हात पुढं करायच्या. एक बांगडी भरून घेऊन घरी जायच्या. सकाळी काढावी लागायची, तरी भरून घ्यायच्या. आणि हळूहळू, कधी ते मला सांगता येणार नाही, आत्याबाई गिऱ्हाइकाचा हात माझ्याकडं सरकवू लागल्या. "हिच्याकडं भर. हिचा हात माझ्याहून हलका हाय." तसं नव्हतं. पण त्या तसं म्हणायच्या.

त्या गेल्या झोपेतच, काही त्रास न देता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राख सावडायला गेलो. आमच्याकडं बायाही जातात. दूध-पाणी शिंपडलं. मालक वाकून अस्थी वेचत होते आणि मडक्यात ठेवत होते. मधेच त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. काळपटलेलं, वीतभर.

"हे काय गं?"

भावकीतले एक काका पुढं आले. "लोखंड दिसतंय. लाकडातला खिळा-बिळा असंल. टाक बाजूला."

मी ते त्यांच्या हातातून घेतलं. दुधानं धुतलं, पदरानं पुसलं. आतून झिलई दिसू लागली. दोन दांड्या, मधे जोड. मी हळूच वाकवून बघितलं. आगीतून निघालेलं, थोडं खुळखुळत होतं. पण वाकत होतं.

"अस्थीच घ्यायच्या असतात फक्त," काका म्हणाले. "अंगातलं न्हाई ते. बाहेरचं हाय."

"अंगातलंच आहे," मी म्हणाले. "हाड आहे त्यांचं."

काकांनी मालकांकडं पाहिलं. मालकांनी मडकं माझ्यापुढं धरलं. मी ते कोपर जपून आत ठेवलं, बाकीच्या हाडांवर, आणि आम्ही कृष्णेकडं निघालो.